इमारतीला खासदाराचं नाव, बर्फाला कोचचं

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.)

अमेरिकेत बोस्टन शहराला लागून बोस्टन कॉलेज आहे. तिथलं खेळाचं मोठं सभागृह १९८८ मध्ये उभं राहिलं आणि त्याला नाव दिलं सिल्व्हिओ कॉन्टी यांचं. हे त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी आणि तेव्हाचे विद्यमान खासदार. म्हणजे माणूस हयात, पदावर, आणि इमारतीवर नाव. वाचून ओळखीचं वाटलं ना? पण आत गेलं की खाली जो बर्फ आहे, ज्यावर पोरं प्रत्यक्ष खेळतात, त्याचं नाव वेगळं आहे. केली रिंक. जॉन केली, ज्याला सगळे 'स्नूक्स' म्हणत, हा त्या कॉलेजचा हॉकीचा कोच.

इमारत पुढाऱ्याची, बर्फ मास्तरचा. ही वाटणी मला फार आवडली. २९ ऑगस्ट जवळ आला, क्रीडा दिनाच्या सत्कारांची पत्रकं यायला लागली की मला ती हमखास आठवते. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहावं.

आधी एक खुलासा. ही हॉकी आपली नव्हे. ध्यानचंदांची मैदानावरची हॉकी वेगळी. ही बर्फावरची, पायात धारदार पात्यांचे बूट घालून खेळायची, चेंडूऐवजी रबराची चकती. दुसरी गोष्ट, अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्यासारखा गॅदरिंगच्या आठवड्यातला उरकून टाकायचा कार्यक्रम नसतो. तिथं कॉलेजच्या टीमची लीग असते, राष्ट्रीय स्पर्धा असते आणि तिथूनच पोरं ऑलिंपिकपर्यंत जातात. १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेनं सोव्हिएत संघाला हरवलं, त्यावर सिनेमेही निघाले. ती टीम कॉलेजच्या पोरांचीच होती. वीसजणांतले नऊ एकट्या मिनेसोटा विद्यापीठाचे, कारण टीमचा कोच हर्ब ब्रुक्स तिथलाच.

तर हा केली. १९३२ पासून १९७२ पर्यंत, मधली महायुद्धाची वर्षं वगळता, छत्तीस हंगाम एकाच कॉलेजात कोच. ५०१ विजय. कॉलेज हॉकीत पाचशेचा आकडा गाठणारा पहिला माणूस तोच. पण यातली बरीच वर्षं तो दिवसा शाळेत शिकवायचा आणि त्यानंतर टीमकडं जायचा. १९४९ मध्ये त्याच्या टीमनं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, डार्टमथ कॉलेजला ४-३ नं हरवून. तेव्हा बोस्टन कॉलेजकडं स्वतःची रिंक नव्हती! शहरातल्या भाड्याच्या बर्फावर सराव, भाड्याच्या बर्फावर सामने. कॉलेजच्या आवारात बर्फ आला तो १९५८ मध्ये, म्हणजे विजेतेपदानंतर नऊ वर्षांनी.

सुविधा नाहीत म्हणून खेळ होत नाही, असं मी कित्येक बातम्यांत लिहिलंय. लिहायला सोपं असतं. केलीनं काय केलं तर भोवतालच्या गावांतली, मॅसॅच्युसेट्समधलीच पोरं गोळा केली आणि त्यांनाच घडवत राहिला. त्याच्याकडं खेळलेला, १९४९ च्या विजेत्या टीममधला लेन सेग्लार्स्की पुढं क्लार्कसन नावाच्या लहान कॉलेजात कोच झाला. १९७२ मध्ये केली निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी बोस्टन कॉलेजला हा सेग्लार्स्की परत आला. क्लार्कसनची रिकामी झालेली खुर्ची गेली जेरी यॉर्ककडं. हा यॉर्क म्हणजे केलीच्याच हाताखाली खेळलेला पोरगा. वय सत्ताविशीच्या आतबाहेर. हाच यॉर्क पुढं बोलिंग ग्रीनला गेला आणि शेवटी फिरून बोस्टन कॉलेजला आला. २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच्या नावावर ११२३ विजय आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदं जमा होती. कॉलेज हॉकीत यापेक्षा जास्त विजय कुणाचेच नव्हते. शाळामास्तरनं लावलेलं झाड किती वर्षं फळत राहिलं बघा.

आता पुरस्कारांकडं येतो.

१९४७ मध्ये बोस्टनमध्ये कॉलेजच्या काही मोजक्या कोचेसनी एकत्र येऊन आपली संघटना काढली, अमेरिकन हॉकी कोचेस असोसिएशन. दुसऱ्याच वर्षी, १९४८ मध्ये पहिली राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा झाली. मिशिगनचा कोच व्हिक हेलिगर या स्पर्धेसाठी धडपडणाऱ्यांत पुढं होता आणि पहिली स्पर्धा जिंकलीही त्याच्याच टीमनं. स्पर्धा म्हणजे किती मोठी? चार टीम. आणि भरली कुठं? कोलोरॅडो स्प्रिंग्ज नावाच्या डोंगराळ गावातल्या ब्रॉडमूर या आलिशान हॉटेलात. त्या हॉटेलकडं स्वतःची रिंक होती. १९५७ पर्यंत, सलग दहा वर्षं स्पर्धा तिथंच भरली.

हे हॉटेल उभारणारा स्पेन्सर पेनरोज खाणीच्या धंद्यात गब्बर झालेला माणूस. कोलोरॅडोचं सोनं, यूटाचं तांबं. तो १९३९ मध्येच वारला, म्हणजे स्पर्धा सुरू व्हायच्या नऊ वर्षं आधी. तरी 'वर्षातला सर्वोत्तम कोच' या पुरस्काराला नाव त्याचं. स्पेन्सर पेनरोज अवॉर्ड, १९५१ पासून. बघा, पैसेवाल्याचं नाव तिथंही आधी लागलं. यात मला फारसं गैर वाटत नाही. ज्यानं जागा दिली त्याचं नाव घ्यावं. फक्त सगळीच नावं त्याची होऊ नयेत.

हा पहिला पुरस्कार मिळाला कुणाला, ते मात्र गंमतीदार आहे. त्या वर्षीचं विजेतेपद होतं हेलिगरच्या मिशिगनकडं. पुरस्कार गेला डार्टमथच्या एडी जेरेमायाकडं. जेरेमाया १९४८ ची फायनल हरला होता आणि १९४९ ची सुद्धा. राष्ट्रीय विजेतेपद त्याला आयुष्यात मिळालं नाही. मतं देणारे होते दुसऱ्या कॉलेजांचे कोच, म्हणजे त्याचे प्रतिस्पर्धीच. समोरच्या बाकावर बसून ज्यांनी त्याचं काम बघितलं होतं, त्यांनी हात वर केले. आपल्याकडं कोचसाठीचा पुरस्कार हवा असेल तर आधी स्वतः अर्ज करायचा, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स जोडायच्या, आणि आपल्या खेळाडूंनी मिळवलेल्या पदकांचे गुण मोजायचे. ज्याच्याकडं फाइल जाड, त्याचं काम मोठं. माझ्या ओळखीतले पीटीचे एक सर आहेत. पस्तीस वर्षं खो-खो शिकवला. त्यांच्याकडं एक फाइल म्हणून नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पोरांची सर्टिफिकेटं पोरांच्या घरी आहेत, माझ्याकडं कशाला असतील?"

असो. पुढं जाऊ.

या संघटनेनं हळूहळू दुसरेही पुरस्कार सुरू केले आणि मला खरं कौतुक आहे ते या दुसऱ्यांचं. त्यांत नुसतं जिंकणं-हरणं मोजायचं नाही. मोजायची ती सेवाही. देशात हा खेळ वाढवण्यासाठी आयुष्य घातलेल्या माणसाला जो देतात, त्याला नाव आहे आपल्या शाळामास्तर केलीचं.

शालेय पातळीवरच्या कोचला मिळणाऱ्या पुरस्काराला नाव आहे जॉन मारीउचीचं. हा मिनेसोटातल्या एव्हेलेथ नावाच्या लोखंडाच्या खाणीच्या गावचा. शिकागोकडून व्यावसायिक हॉकी खेळला, टीमचा कप्तान झाला आणि १९५२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात कोच म्हणून परतला. १९५३ ची फायनल हरला. १९५४ ची फायनल जादा वेळेत ५-४ नं हरला. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची टीम घेऊन गेला आणि रौप्यपदक आणलं. विद्यापीठासाठी राष्ट्रीय विजेतेपद त्यालाही कधी मिळालं नाही. पण त्यानं एक भांडण आयुष्यभर लावून धरलं. तेव्हा बरीच कॉलेजं कॅनडातून वयानं मोठी, तयार पोरं आणायची आणि सामने जिंकायची. मारीउची म्हणायचा, आपल्या गल्लीतल्या पोरांना जागा कधी मिळणार? डेन्व्हर विद्यापीठाशी त्याचं यावरून इतकं बिनसलं की १९५८ मध्ये मिनेसोटा आणि मिशिगनकडची कॉलेजं बाहेर पडली आणि अख्खी लीग मोडली.

भूमिपुत्रांचा वाद आपल्याला काही नवा नाही. माझं मत विचाराल तर मारीउचीचा मुद्दा निम्मा पटतो. बाहेरून तयार माणूस आणून ट्रॉफी जिंकायची सवय लागली की गावातलं मैदान ओसाड पडतं, हे आपण कबड्डीच्या आणि कुस्तीच्या जत्रांत बघतोच. पण बाहेरून आलेला पोरगाही कष्टकऱ्याचाच असतो, हेही खरं.

आणि इथंच या संघटनेचा मोठेपणा दिसतो. कारण तिच्या आणखी एका सेवा-पुरस्काराला नाव आहे जॉन मॅकिनेसचं, आणि मॅकिनेस स्वतः कॅनडाचा, टोरंटोत जन्मलेला. १९५६ पासून १९८२ पर्यंत तो मिशिगन टेकचा कोच. हे कॉलेज हॉटन गावात. लेक सुपीरिअरमध्ये घुसलेल्या जमिनीच्या टोकाकडं, जुन्या तांब्याच्या खाणींचा मुलूख, हिवाळ्यात घरं बुडतील इतका बर्फ. गाव आपल्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणापेक्षाही लहान. तिथून या माणसानं १९६२, १९६५ आणि १९७५ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं काढली, ५५५ सामने जिंकले. कॅनडाची पोरं त्यानं मोकळ्या मनानं आणली. पुढं व्यावसायिक हॉकीत नावाजलेला गोलरक्षक टोनी एस्पोझिटो त्यातलाच. १९७४, ७५ आणि ७६ अशी सलग तीन वर्षं फायनलला एकीकडं मॅकिनेस आणि दुसरीकडं मिनेसोटाचा हर्ब ब्रुक्स. पहिली ब्रुक्सनं जिंकली, दुसरी मॅकिनेसनं ६-१ अशी धुऊन काढली, तिसरी परत ब्रुक्सनं.

मॅकिनेसच्या नावाचा पुरस्कार कशासाठी? हौशी आणि लहान मुलांच्या हॉकीची काळजी वाहणाऱ्यांसाठी, आणि पोरांना खेळाडू म्हणून तर घडवलंच पण त्याहून जास्त माणूस म्हणून घडवलं, अशा कोचसाठी. तो १९८२ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी मॅकिनेस प्रकृतीमुळं निवृत्त झाला होता आणि पुढच्याच वर्षी तो गेला. म्हणजे आपल्या नावानं काही सुरू झालंय हे त्याला डोळ्यांनी बघायला मिळालं. थोडक्यात मिळालं, पण मिळालं.

भांडणाच्या दोन टोकांना उभी असलेली ही माणसं. एक म्हणतो घरचीच पोरं हवीत, दुसरा स्वतःच बाहेरून आलेला. संघटनेनं दोघांचीही नावं आपल्या पुरस्कारांना दिली. आपल्याकडं एका गटाच्या मंडळानं दुसऱ्या गटाच्या वस्तादाला साधा हार घातलेला मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर जरूर सांगा, मी बातमी करतो.

ब्रुक्सचं नाव आलंच आहे तर एक किस्सा सांगून टाकतो, थोडं विषयांतर आहे. १९६० च्या ऑलिंपिक टीममधून ब्रुक्सला अगदी शेवटच्या क्षणी वगळलं होतं, आणि वगळणारा कोच होता वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचा जॅक रायली. त्या टीमनं सुवर्णपदक जिंकलं. ब्रुक्सनं ते घरी टीव्हीवर बघितलं. त्याचे वडील म्हणे त्याला म्हणाले, कोचनं बरोबर माणूस वगळलेला दिसतोय! वीस वर्षांनी हाच ब्रुक्स कोच म्हणून सुवर्णपदक घेऊन आला. आणि रायली? तो १९५० ते १९८६ लष्कराच्या टीमचा कोच, त्यानंतर त्याचा एक मुलगा, त्यानंतर २०२५ पर्यंत दुसरा मुलगा. पंचाहत्तर वर्षं एकाच घरात कोचपद. याला घराणेशाही म्हणायचं की घराणं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. गाण्यात आपण घराणं म्हणतो.

आता माझा सगळ्यात आवडता. जिम फुलर्टन. लेक प्लॅसिडच्या एका शाळेत दोन दशकांहून जास्त काळ कोच आणि मग १९५५ ते १९७० ब्राउन विद्यापीठात. विजेतेपद नाही. १९६५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचला, तेवढंच. पण १९६४ च्या सुमाराची गोष्ट ऐका. ब्राउनला जोडून मुलींचं पेम्ब्रोक कॉलेज होतं. तिथल्या एका विद्यार्थिनीला हॉकी चांगली येत होती. मुलींची टीम नव्हती. कॉलेजच काय, त्या काळी देशात मुलींची कॉलेज टीम कुठंच नव्हती. फुलर्टननं तिला मुलांच्या सरावाला बोलावलं. अंगावर मुलांचाच पूर्ण पोशाख, डोक्यावर हेल्मेट, म्हणजे कोण आहे कळायला नको. ती पोरांबरोबर खेळली आणि टिकली. त्यानंतर पेम्ब्रोकच्या मुलींनी आपली टीम काढली, अमेरिकेतली पहिली मुलींची कॉलेज हॉकी टीम. गुणतक्त्यात याचे गुण किती लावायचे?

फुलर्टनच्या नावाचा पुरस्कार १९९२ पासून देतात. खेळावर निर्मळ प्रेम करणाऱ्या कुणालाही तो मिळू शकतो. कोच, व्यवस्थापक, ट्रेनर, पंच, पत्रकार किंवा नुसता प्रेक्षकसुद्धा. 'पत्रकार' हा शब्द वाचून मला आतल्या आत बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण त्याहून 'नुसता प्रेक्षक' हे जास्त भावलं. आमच्या गावच्या कुस्तीच्या फडात पहिल्या रांगेत बसणारे एक म्हातारबाबा होते. कुठल्या सालात कुणी कुणाला कोणत्या डावावर चितपट केलं, सगळं तोंडपाठ. जुनी बातमी तपासायची तर मी कात्रणं नाही काढायचो, त्यांच्या ओट्यावर जायचो. ते गेले तेव्हा मी चार ओळी छापल्या. त्या चार ओळींआधी त्यांचं नाव कुठंच छापून आलेलं नव्हतं.

सहायक कोचसाठीही वेगळा पुरस्कार आहे. टेरी फ्लॅनागन हा बोलिंग ग्रीनचा खेळाडू, मग तिथंच सहायक कोच. अकाली गेला. त्याच्या नावानं, आयुष्यभर दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीत बसून काम केलेल्यांना गौरवतात. पोरं शोधायला गावोगाव फिरणारा, नापास पोराला अभ्यासाला बसवणारा, आईवडिलांचे फोन घेणारा हा माणूस. फोटोत तो कायम कडेला असतो.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. वर मी जितक्या पुरस्कारांची नावं सांगितली, ती सगळी पुरुषांची आहेत. पेम्ब्रोकच्या मुली साठच्या दशकात बर्फावर उतरल्या, पण मुलींची अधिकृत राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा सुरू व्हायला २००१ उजाडलं. मुलांची १९४८ ला, मुलींची त्रेपन्न वर्षांनी. मुलींमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला प्रिन्स्टनच्या पॅटी कॅझमायरचं नाव आहे, ती १९९० मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी आजारानं गेली. तो खेळाडूचा पुरस्कार. या मधल्या काळात मुलींच्या टीम ज्या बायकांनी चालवल्या असतील, त्यांच्या नावाचा एखादा पुरस्कार या यादीत शोभला असता.

आता आपल्याकडचं एकच उदाहरण देतो, खेळ वेगळा आहे पण कॉलेजशीच संबंधित. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, हे आपल्याला शाळेपासून माहीत. त्यांना तिकडं पाठवायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले असं सांगतात. खाशाबांना स्वतःला अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ मध्ये अपघातात गेल्यावर, पंधराहून जास्त वर्षांनी. खेळाडूचीच ही कथा, तर मग प्राचार्यांचं काय विचारता? कॉलेजच्या किती क्रीडा बक्षीस समारंभात तुम्ही खर्डेकरांचं नाव ऐकलंय? मी वीस वर्षं असे समारंभ कव्हर करतोय. स्वागताध्यक्षांचं नाव निवेदक तीन-तीनदा घेतो, तेवढं नक्की ऐकलंय.

आमच्या भागातल्या एका मोठ्या क्रीडा सत्काराची यंदाची यादी माझ्याकडं आलीय. नऊ नावं. त्यात दोन देणगीदार, तीन पदाधिकारी, एक बांधकाम व्यावसायिक, दोन खेळाडू आणि एक कोच. कोचच्या नावापुढं कंसात 'मरणोत्तर'. त्यांना मी ओळखत होतो. गेल्या पावसाळ्यापर्यंत ते रोज पहाटे साडेपाचला मैदानावर असायचे, सायकलला शिट्टी अडकवलेली.

आयोजकांना मी फोन केला. म्हटलं, देणगीदारांचा सत्कार करा, माझी हरकत नाही, मैदानाच्या कमानीलाही त्यांचंच नाव द्या. पण आतल्या धावपट्टीला, खो-खोच्या खांबांमधल्या त्या मातीला, एखाद्या सरांचं नाव देता येईल का? हयात असलेल्या. ते म्हणाले, सुचवा की नावं, बैठकीत ठेवतो.

तेव्हा मंडळी, नावं द्या. खाली लिहा. गाव, खेळ, किती वर्षं शिकवलं, आणि त्यांच्याकडं शिकलेल्या निदान एका माणसाचं म्हणणं. प्रमाणपत्रं नकोत, फाइल नको. ज्या सरांबरोबर तुमचं आयुष्यभर भांडण झालं असेल, त्यांचं नाव दिलंत तरी चालेल. बैठक २० तारखेला आहे.